घरात दोन मधुमेही आणि टोचणारा हात तिसराच: सेफ्टी लॅन्सेट कोणते घ्यावे, कसे वापरावे?

गोदातीर (इंदिरानगर)

नमस्कार. आमच्याकडे सासूबाई आणि सासरे या दोघांनाही मधुमेह आहे. सासऱ्यांना इन्सुलिन चालू असल्यामुळे त्यांची शुगर रोज उपाशीपोटी आणि रात्रीच्या जेवणाआधी पाहावी लागते. सासूबाईंची आठवड्यातून एक-दोनदा. मी आणि माझे यजमान दोघेही सकाळी लवकर सातपूरला कामावर निघतो, म्हणून सकाळची तपासणी घरी येणाऱ्या मावशी करतात. ग्लुकोमीटरबरोबर बोट टोचून रक्ताचा थेंब काढण्याचे पेन एकच मिळाले आहे. "सुई दर वेळी नवी घातली तर हेच पेन दोघांना चालेल का?" असे मावशींनी कामावर आल्या आल्याच विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी "चालणार नाही, सेफ्टी लॅन्सेट आणा" एवढे सांगितले; लॅन्सेट म्हणजे बोट टोचण्याची छोटी सुई.

काल गोळे कॉलनीत गेले होते. दुकानदाराने निरनिराळे खोके समोर मांडले. त्यांवर २१, २३, २६, २८, ३० असे आकडे, काहींवर १.५ मिमी, काहींवर १.८ मिमी आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. ३० क्रमांकाचे सर्वांत बारीक, म्हणून तेच सर्वांत चांगले, असे त्यांचे म्हणणे पडले. परंतु सासऱ्यांची सारी नोकरी अंबडच्या कारखान्यात लेथवर झाली असून त्यांच्या बोटांची कातडी अजूनही जाड आहे, तर सासूबाईंची बोटे संधिवाताने आखडलेली आहेत आणि तरीही संध्याकाळची तपासणी आपली आपण करण्याचा त्यांचा आग्रह आहे. या दोघांना एकच खोका कसा चालेल, हे मला समजत नाही. प्रत्यक्ष वापर असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तपासनीस_नाशिकरोड

ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि रक्त घेणे हाच माझा रोजचा व्यवसाय आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

आधी पेनबद्दल, कारण मुख्य मुद्दा तोच आहे. सुई बदलली तरी पेन बदलत नाही. टोचताना पेनच्या टोपणाचे तोंड बोटाला टेकलेले असते, रक्ताचा थेंब तिथेच उमटतो आणि त्याचा सूक्ष्म अंश टोपणाच्या कडेला राहतो. तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस टिकून संसर्ग करू शकतो. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने मार्च २००५ मध्ये मिसिसिपी, नॉर्थ कॅरोलिना आणि लॉस एंजेलिस येथील दीर्घकालीन सेवाकेंद्रांतील हिपॅटायटिस बी च्या उद्रेकांचा अहवाल प्रसिद्ध केला होता. शुगर तपासताना एकाचे रक्त दुसऱ्यापर्यंत पोहोचल्याने ते उद्रेक झाले होते. पुढे २०१० साली तेथील औषध प्रशासन आणि रोगनियंत्रण केंद्र या दोघांनीही स्पष्ट सांगितले की बोट टोचण्याचे उपकरण एकापेक्षा अधिक माणसांसाठी कधीही वापरू नये. नवरा-बायको असोत वा सख्खी भावंडे, नियम तोच. तुमच्या मावशींनी विचारलेला प्रश्न अतिशय योग्य होता आणि त्यांना तसे अवश्य सांगा.

सेफ्टी लॅन्सेटमध्ये सुई, स्प्रिंग आणि प्लॅस्टिकचे कवच एकत्रच येते. टोपण पिळून काढले, बोटावर दाबले की सुई क्षणार्धात बाहेर येऊन परत आत जाते आणि ती पुन्हा बाहेर काढताच येत नाही. म्हणजे दुसऱ्याला वापरण्याची शक्यताच संपते आणि टोचणाऱ्या मावशींच्या हाताला चुकून सुई लागण्याचा धोकाही जवळजवळ राहत नाही. हा दुसरा फायदा आपल्याकडे फारसा कोणी मोजत नाही, याचे मला वाईट वाटते.

आता आकड्यांबद्दल. खोक्यावरचे २१, २३ वगैरे आकडे म्हणजे गेज, सुईच्या जाडीचे माप. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी सुई बारीक. २१ गेजची सुई साधारण ०.८ मिमी जाड असते, २८ ची सुमारे ०.३६ आणि ३० ची ०.३ मिमीच्या आसपास. शेजारी लिहिलेले १.५ किंवा १.८ मिमी म्हणजे सुई किती खोल जाणार ते. निवड करताना हे दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात. बहुतेक ग्लुकोमीटरांना ०.३ ते १ मायक्रोलिटर एवढेच रक्त लागते. सासूबाईंची कातडी वयोमानाने पातळ झाली असेल तर २८ गेज आणि १.५ मिमी त्यांना पुरेल. सासऱ्यांसाठी मात्र मी २३ गेज आणि १.८ मिमी सुचवेन, आणि तेही कमी पडले तर २१ गेज घेऊन पाहा. बारीक सुईने जाड बोटातून थेंब येत नाही, मग बोट पिळले जाते, स्ट्रिप (मीटरला लावायची, रक्त ओढून घेणारी पट्टी) अर्धवट भरते, मीटर एरर दाखवते आणि पुन्हा टोचावे लागते. एका नीट टोचण्यापेक्षा दोन अर्धवट टोचणी नक्कीच अधिक दुखतात. शिवाय वाया गेलेली स्ट्रिप लॅन्सेटपेक्षा महाग असते.

रंगांवर मात्र अजिबात विसंबू नका. इंजेक्शनच्या सुयांच्या रंगांना ठरलेले मानक आहे, पण लॅन्सेटच्या बाबतीत प्रत्येक कंपनी आपापले रंग ठरवते. एका कंपनीचे जांभळे संपल्यावर दुसऱ्या कंपनीचे जांभळे आणले तर जाडी आणि खोली दोन्ही वेगळी निघू शकते.

गोदातीर (इंदिरानगर)

ताई, मनापासून आभार. पेनच्या टोपणाचा मुद्दा वाचून आजच ते पेन सासऱ्यांच्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवले. दुकानात दोन प्रकार दिसले होते: एकाला वरून बटण आणि दुसरे नुसते दाबायचे. संधिवाताच्या बोटांना कोणते सोपे पडेल?

तपासनीस_नाशिकरोड

नुसते दाबायचे. बटणाच्या प्रकारात उपकरण बोटांत धरून त्याच वेळी अंगठ्याने बटण दाबावे लागते आणि आखडलेल्या बोटांना नेमके तेच अवघड जाते. दाबाच्या प्रकारात उपकरण मुठीत धरले तरी चालते. ज्या बोटाला टोचायचे ते टेबलावर टेकवून वरून ठामपणे दाबायचे. बिचकत, हळूहळू दाबल्यास स्प्रिंग सुटण्याच्या क्षणी बोट मागे घेतले जाते आणि टोचणे उथळ होते. याउलट फार जोर लावला तर कातडी उपकरणाच्या छिद्रात फुगून वर येते आणि सुई ठरल्यापेक्षा खोल जाते. ठाम आणि बेताचा दाब किती, हे सासूबाईंना थोड्या सरावाने समजेल. पहिले काही वेळा तुम्ही शेजारी बसा. टोपण काढणेही त्यांच्यासाठी महत्त्वाचे आहे. ते सरळ ओढायचे नसते, आधी पूर्ण पिळून मोकळे करायचे असते. काही लॅन्सेटांची टोपणे इतकी छोटी आणि गुळगुळीत असतात की आखडलेल्या बोटांच्या चिमटीत ती बसत नाहीत. म्हणून पूर्ण खोका घेण्यापूर्वी दुकानदाराकडे एक-दोन नग मागा आणि टोपण सासूबाईंना स्वतः काढून पाहू द्या.

कॉलेजरोडकर

येथे एक वेगळी बाजू मांडतो. मी एकटाच मधुमेही आहे, एकटाच तपासतो आणि बऱ्याच वर्षांपासून पेन वापरतो. पेनच्या साध्या सुयांच्या तुलनेत सेफ्टी लॅन्सेटला कितीतरी पट अधिक पैसे पडतात, आणि प्रत्येक टोचण्यामागे प्लॅस्टिक आणि स्प्रिंग असा ऐवज फेकला जातो. शिवाय पेनवर खोलीचे टप्पे असतात, त्यामुळे थंडीत एक टप्पा वाढवता येतो आणि उन्हाळ्यात कमी करता येतो. सर्वांनीच सेफ्टी लॅन्सेटकडे वळावे असा सूर या धाग्यात लागू नये, अशी विनंती आहे.

तपासनीस_नाशिकरोड

आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. स्वतःचे बोट स्वतः टोचणाऱ्यासाठी स्वतःचे, फक्त एकट्याचे पेन उत्तम आहे. ज्या घरी टोचणारा हात दुसऱ्याचा असतो, किंवा एका छताखाली दोघांची तपासणी होते, तिथे सेफ्टी लॅन्सेटचे पैसे सार्थकी लागतात. सुई मात्र आपणही दर वेळी नवीनच घालत असाल अशी आशा आहे. कंपन्या ती एकाच वापरासाठी बनवतात; पुन्हा वापरल्यावर टोक बोथट होत जाते, दुखते अधिक आणि निर्जंतुकता तर पहिल्याच वापरात संपलेली असते. खोलीच्या टप्प्यांबद्दल एक भर घालते: सेफ्टी लॅन्सेटमध्येही ॲक्यु-चेक सेफ-टी-प्रो प्लससारख्या काहींत १.३, १.८ आणि २.३ मिमी असे तीन टप्पे असतात. गोदातीर ताईंच्या घरी दोन वेगळे खोके सांभाळणे अवघड जात असेल तर तसा एक प्रकार घेऊन दोघांसाठी वेगवेगळा टप्पा वापरता येईल.

बागायतदार_निफाड

मी द्राक्ष बागायतदार आहे. लॅन्सेट कोणतेही घ्या, पण त्याआधी बोट कसे असते याकडे लक्ष द्यावे असे मला फार वाटते, म्हणून लिहितो.

आमच्या वडिलांना मधुमेह आहे आणि काढणीच्या दिवसांत ते अजूनही पॅकिंगपाशी बसून घडांतले फुटके मणी कात्रीने काढत असतात. एका दुपारी त्यांना जरा अशक्तपणा वाटला म्हणून तिथेच शुगर पाहिली. स्पिरिटच्या कापसाने बोट पुसले होते. मीटरवर तीनशेच्या वरचा आकडा आला. गोळी वाढवावी का, यावर फोनाफोनी सुरू झाली. आमची धाकटी बहीण परिचर्येचे शिक्षण घेते. तिने त्यांना साबणाने हात धुवायला लावून, कोरडे करून, दुसऱ्या बोटावर पुन्हा तपासले. आकडा दीडशेच्या आत होता.

मी नंतर त्याचा हिशेब मांडून पाहिला आणि तो आमच्या भागातल्या प्रत्येक घराला माहीत असावा असे मला वाटते. रक्तातील शुगर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल, तर १ मायक्रोलिटर रक्तात अवघे १ मायक्रोग्रॅम ग्लुकोज असते. काढणीला आलेल्या द्राक्षाचा ब्रिक्स (रसाच्या शंभर भागांत साखर किती भाग, तो आकडा) १६ च्या वर असतो आणि त्यातील जवळपास निम्मी साखर ग्लुकोजच असते. म्हणजे १ मायक्रोलिटर द्राक्षरसात सुमारे ८० मायक्रोग्रॅम ग्लुकोज झाले. त्याचा शंभरावा हिस्सा बोटाला चिकटलेला राहिला, तरी मीटरवरचा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. इतका रस बोटावर दिसत नाही आणि चिकटही लागत नाही.

ज्यांना इन्सुलिन चालू आहे त्यांच्या बाबतीत हे गंभीर आहे. खोट्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस वाढवला तर खरी शुगर खाली कोसळू शकते. आमच्याकडे जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तपासणीच्या जागी साबण आणि स्वच्छ पाण्याची बाटली आता कायम ठेवलेली असते. निफाडच्या थंडीत पाणी कोमट असले तर दुहेरी फायदा होतो, कारण बोटे गरम झाली की थेंबही सहज येतो.

तपासनीस_नाशिकरोड

दादा, तुमचा हिशेब अचूक आहे. २०११ साली जपानमधील डॉक्टरांनी नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. संत्रे, द्राक्ष आणि किवी सोलल्यानंतर बोटातून तपासलेली शुगर खोटी वाढलेली आढळली; स्पिरिटच्या कापसाने पुसूनही ती पूर्ण उतरली नाही आणि नळाच्या पाण्याने हात धुतल्यावरच खरा आकडा मिळाला. त्यामुळे घरी शक्य असेल तेव्हा साबण आणि पाणी हेच पहिले साधन समजावे. स्पिरिट वापरायचेच असेल तर ते पूर्ण वाळू द्यावे; ओल्या बोटावर थेंब गोल न राहता पसरतो आणि रक्तात स्पिरिट किंवा पाणी मिसळून आकडा चुकतो.

पहिला थेंब पुसावा की नाही, हा प्रश्न मला रोज विचारला जातो. हात साबणाने धुऊन कोरडे केलेले असतील तर पहिला थेंब चालतो. हात धुण्याची सोयच नसेल आणि हाताला काही गोड लागलेले नसेल, तर पहिला थेंब कोरड्या कापसाने टिपून दुसरा घ्यावा. हाताला फळाचा रस, गूळ, मिठाई लागलेली असल्याची शंका असेल तर थेंब मोजत बसू नये, सरळ हात धुवावेत.

सिडकोची_आई

माझ्या मुलाला टाइप वन मधुमेह आहे. तो सात वर्षांचा आहे. मोठ्यांसाठीचे आकडे मुलांना लावू नयेत, एवढे मला येथे सांगायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शनात सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलांच्या बोटासाठी १.५ मिमी आणि आठ वर्षांवरील वयोगटासाठी २.४ मिमी अशी खोलीची शिफारस आहे. सहा महिन्यांखालील बाळांचे रक्त तर बोटातून घ्यायचेच नसते, टाचेच्या कडेतून घेतात, आणि ते प्रशिक्षित व्यक्तीनेच घ्यावे.

घरी आम्ही त्याचे स्वतःचे पेन वापरतो. शाळेच्या दप्तरात मात्र सेफ्टी लॅन्सेट देते, कारण शाळेत त्याच्या बाई टोचतात. वापरून झालेले लॅन्सेट कुठल्या मुलाच्या हाती लागले तरी त्याची सुई आत गेलेली असते, ही माझ्यासाठी फार मोठी निश्चिंती आहे. बाईंना मी एकच विनंती केली होती की "काही दुखणार नाही" असे त्याला म्हणू नका. थोडे दुखते, हे त्याला माहीत आहे. खट्कन आवाज होईल, मग चिमटा बसल्यासारखे वाटेल आणि लगेच संपेल, असे खरे सांगितले की तो स्वतःहून बोट पुढे करतो. आज डाव्या अनामिकेची करंगळीकडची कड, उद्या मधल्या बोटाची, हे तोच ठरवतो आणि वहीत लिहून ठेवतो.

गोदातीर (इंदिरानगर)

सिडकोच्या ताई, लेकराला खूप आशीर्वाद. बोटाच्या कडेचा उल्लेख तुम्ही केलात. मावशी बोटाच्या मधोमध टोचतात असे माझ्या लक्षात आले आहे. त्यांना दाखवून देण्यासाठी पूर्ण पद्धत कोणी क्रमाने लिहील का?

तपासनीस_नाशिकरोड

लिहिते. मधले बोट किंवा अनामिका घ्यावी. अंगठा आणि तर्जनी दिवसभर कामात असतात, त्यांची कातडी जाड असते आणि दुखरेपणा दिवसभर जाणवतो. करंगळीत मांस कमी असल्याने सुई हाडाच्या जवळ जाऊ शकते. बोटाच्या पेराच्या मधल्या गादीवर संवेदना सर्वांत तीव्र असते, म्हणून तिच्या जरा बाजूला टोचावे. पण अगदी नखालगतही जाऊ नये. हात धुऊन, पूर्ण कोरडा करून, हृदयाच्या पातळीखाली थोडा वेळ सैल सोडावा. तळहाताकडून बोटाच्या दिशेने हलके चोळावे. मीटरमध्ये स्ट्रिप आधीच लावून ठेवावी, म्हणजे थेंब आल्यावर धांदल होत नाही. मग टोपण पिळून काढावे, उपकरण बोटाला घट्ट टेकवावे आणि एकदाच ठामपणे दाबावे. उपकरण उचलल्यावर एक-दोन क्षण थांबावे. आधी मोहरीएवढा लाल ठिपका दिसतो आणि तो फुगून गोल होतो. तसा झाला की स्ट्रिपचे टोक थेंबाला नुसते टेकवावे, स्ट्रिप रक्त आपोआप ओढून घेते. टोचलेल्या जागेपाशीच बोट पिळू नये. त्याने ऊतींतील पाणी रक्तात मिसळते आणि आकडा विश्वासार्ह राहत नाही. शेवटी कोरडा कापूस दाबून धरावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जरा जास्त वेळ धरावा.

सासऱ्यांच्या हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटे बधिर झाली असतील, तर त्यांना टोचल्याचे नीट कळणार नाही. तेव्हा आधीची जागा भरून आली आहे ना, लालसरपणा किंवा सूज नाही ना, हे मावशींनी रोज डोळ्यांनी पाहावे. आणि हो, मावशींनी हातमोजे घालावेत आणि सासऱ्यांची तपासणी झाल्यावर सासूबाईंसाठी ते बदलावेत. मीटरही दोघांत एकच असेल तर तो दोघांच्या मध्ये कंपनीने सांगितलेल्या जंतुनाशकाने पुसावा. दोन मीटर परवडत असतील तर फारच उत्तम.

मंडळ_कार्यकर्ता_पंचवटी

आमचे मंडळ गणेशोत्सवात रक्तशर्करा तपासणीचे शिबिर घेते आणि २०२७ च्या सिंहस्थात भाविकांसाठी असे टेबल ठेवण्याचा विचार चालू आहे. सेफ्टी लॅन्सेट वापरायचे हे नक्की आहे. आणखी काय पाहावे?

तपासनीस_नाशिकरोड

शिबिरात २१ किंवा २३ गेज आणि १.८ मिमीच्या आसपास खोली घ्यावी, कारण रांगेत शेतकरी, गवंडी, हमाल असे सगळेच येतात आणि पुन्हा टोचायला वेळ नसतो. प्रत्येक माणसासाठी नवे हातमोजे, मध्ये मीटर पुसणे आणि रांगेच्या सुरुवातीला हात धुण्याची सोय, या तिन्ही गोष्टी गर्दी कितीही वाढली तरी सोडू नयेत. प्रसादाचे पेढे वाटण्याची जागा तपासणीच्या पुढे न ठेवता नंतर ठेवावी. लॅन्सेट टोचणाऱ्याच्या हाताजवळच टाकता येईल असा सुई न भेदू शकणारा डबा टेबलावरच हवा.

कचऱ्याबाबत मात्र आधीच व्यवस्था करा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत आरोग्य शिबिरांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे शिबिरातील लॅन्सेट आणि रक्ताळलेला कापूस घरगुती कचऱ्यात टाकता येत नाही. ज्या रुग्णालयाच्या किंवा लॅबच्या सहकार्याने शिबिर होणार असेल, त्यांच्याकडूनच सुयांसाठीचा पांढरा डबा आणि दूषित कापसासाठीची पिवळी पिशवी घ्यावी आणि भरल्यावर त्यांच्याकडेच परत सोपवावी, असे आधीच लेखी ठरवून ठेवा. ज्यांचा आकडा जास्त येईल त्यांना "तुम्हाला मधुमेह आहे" असे टेबलावरून सांगू नये. उपाशीपोटी लॅबमध्ये तपासून घ्या, एवढेच सांगावे. बोटावरची तपासणी निदानासाठी नसते.

घंटागाडी_मित्र

घरच्या लॅन्सेटांबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझा कामानिमित्त घंटागाडीवरील कर्मचाऱ्यांशी रोजचा संबंध येतो. आपल्या शहरात घरोघरचा कचरा हाताने हाताळला जातो, आणि पेनच्या सुया व इन्सुलिनच्या सुया पिशवीतून बाहेर आलेल्या असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. ज्याच्या हाताला सुई लागते, त्याला ती कोणाची आणि त्या माणसाला काय आजार आहे हे कधीच कळत नाही. त्याच्यापुढे महिनोन्महिने तपासण्या आणि चिंता उभी राहते.

२०१६ च्या घनकचरा नियमांत घरातील वापरलेल्या सुया आणि सिरिंजा घरगुती घातक कचऱ्यात गणल्या होत्या आणि त्या वेगळ्या देण्याची अपेक्षा होती. सेफ्टी लॅन्सेटची सुई आत जाते, त्यामुळे धोका खूपच कमी होतो, तरीही त्यावर रक्त असते. जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची रिकामी बाटली घ्यावी, तिच्यावर मोठ्या मराठी अक्षरांत "वापरलेल्या सुया, उघडू नये" असे लिहावे आणि पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करावे. आपल्या डॉक्टरांकडे किंवा लॅबमध्ये सुयांचा डबा असतो. ते बाटली घेतात का, हे विचारून तिथेच द्यावी. ते शक्य नसेल तर घंटागाडीवरील कर्मचाऱ्याच्या हातात वेगळी द्यावी आणि आत काय आहे ते तोंडाने सांगावे. कृपया ओल्या-सुक्याच्या बादलीत मुकाट्याने टाकू नये.

कॉलेजरोडकर

हे वाचून पेनच्या सुयांसाठी आजच बाटली ठेवली. आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर आपला मजकूर लावला तर चालेल का?

घंटागाडी_मित्र

अवश्य लावा, आणि खाली कर्मचाऱ्यांशी बोलूनही घ्या. त्यांना अमुक घरातून बाटली येते हे माहीत असले की ते स्वतःच जपून घेतात.

गोदातीर (इंदिरानगर)

सर्वांचे आभार. नमुन्याचे नग मागून घरी आणले. सासऱ्यांना २३ गेज, १.८ मिमीने पहिल्याच दाबात पुरेसा थेंब आला. सासूबाईंना २८ गेजचे दोन प्रकार दाखवले. एकाचे टोपण त्यांना पिळताच येईना, दुसऱ्याचे चपटे, पंखासारखे टोपण त्यांनी न अडखळता काढले, म्हणून तेच घेतले. दोन्ही खोक्यांवर नावे घातली आहेत. मावशींना बोटाची कड दाखवली आणि हातमोज्यांचा खोकाही मीटरशेजारी ठेवला. शेवटचा प्रश्न: खोके एकदम जास्त घेतले तर स्वस्त पडतात. किती दिवस टिकतात, आणि उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवावे लागतात का?

तपासनीस_नाशिकरोड

फ्रीजची गरज नाही. ऊन आणि ओल लागणार नाही अशा कपाटात ठेवा. न्हाणीघरात किंवा गॅसच्या ओट्याजवळ नको. खोक्यावर अंतिम तारीख, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक छापलेला असतो, तो घेतानाच पाहावा. वर्तुळातील २ या आकड्यावर तिरकी रेघ असलेले चिन्ह असते, त्याचा अर्थ पुन्हा वापरू नये असा. अंतिम तारखेपर्यंत निर्जंतुकता टिकते, पण ती टोपण शाबूत असेल तरच. खोक्यात एखाद्याचे टोपण आधीच सैल झालेले किंवा निघालेले आढळले, तर ते लॅन्सेट न वापरता थेट बाटलीत टाका. सुट्टे नग प्लॅस्टिकच्या पिशवीत काढून ठेवू नका, तारीख आणि बॅच खोक्यावरच राहते. तुमचा रोजचा वापर पाहता सासऱ्यांसाठी दोन-तीन महिन्यांचे एकदम घ्यायला हरकत नाही. सासूबाईंचा एकच खोका पुष्कळ दिवस पुरेल, म्हणून त्यांचा घेताना दूरची तारीख मागून घ्या.